पासपोर्ट गेला, परत कधी येणार?

मागच्या अंकात 'व्हिसाबद्दल काय विचारायचं ते विचारा' असं लिहिलं होतं, आणि मला वाटलेलं लोक बँकेत किती पैसे दाखवायचे तेच विचारणार. पण निम्म्याहून जास्त पत्रांत एकच काळजी, की पासपोर्ट एकदा दिला की तो परत कसा येणार, कुणाच्या हातात येणार, आणि नाही आला तर विचारायचं कुणाला. काळजी खोटी नाही म्हणा. बेळगावात, निपाणीत, खानापुरात कुठल्या देशाचं कॉन्सुलेट आहे? कागद घेऊन आपण जायचं बंगळूरला नाहीतर मुंबईला, दोन्हीकडं पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि येताना हातात काय तर एक पावती. मी बावीस वर्षं खडेबाजारात एका तिकीटवाल्या ऑफिसात काउंटरवर बसलो. व्हिसा देणारा मी नव्हे, फायली लावून देणारा. तेवढ्यावर जे माहीत झालं ते सांगतो.

प्रश्न: मुलगी-जावई म्युनिकला आहेत, मुलीचं बाळंतपण आहे म्हणून आम्ही दोघं जाणार. आमचे दोन पॉवरलूम आहेत, रिटर्न भरतो. अर्ज कुठं द्यायचा, पासपोर्ट किती दिवस त्यांच्याकडं राहतो आणि घरी कसा येतो? आणखी एक, ह्यांची बोटं मागावर काम करून घासलेली आहेत, आधारला सुद्धा ठसा लागत नाही. मग काय करायचं? — एक ताई, वडगाव

उत्तर: ताई, आधी अभिनंदन, आजी होणार की! तुम्हाला लागतो तो शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो, थोड्या दिवसांचा व्हिसा. यात कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि उतरलेला दिवस नि निघालेला दिवस दोन्ही मोजतात. ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत हं, कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा, कारण तीन महिने म्हणून तिकीट काढलेलं आणि ९२ दिवस भरलेले असं मी बघितलंय. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यायलाच लागतो. बाळ काय तारीख बघून येत नाही, तेव्हा डॉक्टरनी दिलेल्या तारखेच्या अडीच-तीन महिने आधीच फाईल लावायला घ्या, अपॉइंटमेंट मिळायलाच कधी कधी आठवडे जातात.

अर्ज देतात व्हीएफएसच्या केंद्रात. ही खाजगी कंपनी आहे, २००१ साली मुंबईतनं सुरू झालेली, आणि आता कितीतरी देशांचे अर्ज गोळा करते. गोळा करते हा शब्द लक्षात ठेवा. काउंटरवरची मुलगी तुमचे कागद तपासते, बोटं घेते, फोटो घेते, पैसे घेते आणि पाकीट कॉन्सुलेटला पाठवते, हो की नाही ते तिकडं ठरतं. त्यामुळं 'मॅडम, होईल ना हो आमचं?' असं तिला विचारून काही उपयोग नाही, तिला खरंच माहीत नसतं. तुम्हाला बंगळूर सोयीचं, रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, नाहीतर पहाटेची वंदे भारत. पण अपॉइंटमेंट घेताना साइटवर केंद्रांची यादी एकदा नीट बघा, चोर्ला घाटातनं तीन-साडेतीन तासांत पणजीचं काम होत असेल तर बंगळूरला कशाला जायचं.

जावयांना सांगून एक कागद आत्ताच मागवा. तिकडच्या परदेशी लोकांच्या ऑफिसात जाऊन 'यांच्या राहण्या-खाण्याचा खर्च माझा' असं ते लिहून देतात, जर्मनीत त्याला फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग म्हणतात, माझ्या तोंडात हा शब्द यायला वर्ष गेलं. व्हॉट्सअपवर आलेला फोटो चालत नाही, मूळ कागद कुरिअरनं यायला पाहिजे. आणि तिकडंही त्याला अपॉइंटमेंट लागते, म्हणून आत्ताच म्हणतोय. बाकी फॉर्म सही करून, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, ३० हजार युरोचा प्रवासी विमा, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, रिटर्न, लूमचं लायसन्स. तिकीट बुकिंग दाखवा पण पैसे भरून पक्कं करू नका. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परत येण्याच्या तारखेनंतर अजून तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. फी २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, ती रुपयांत घेतात, वर केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

सोसायटीच्या पासबुकाचं पण सांगतो. आपल्याकडं निम्म्या लोकांचा पैसा कुठल्या ना कुठल्या को-ऑप सोसायटीत असतो, ती ठेव दाखवा, पण नुसत्या त्याच्यावर राहू नका, बँकेच्या खात्यात तीनेक महिन्यांची खरी ये-जा दिसू दे. आदल्या आठवड्यात भावाकडनं घेऊन भरलेले पाच लाख तपासणाऱ्याला लगेच कळतात.

आता बोटांचं. दहाही बोटांचे ठसे घेतात आणि ते ५९ महिने त्यांच्या सिस्टीममध्ये राहतात, म्हणजे पुढच्या वेळी नातवाच्या वाढदिवसाला जायचं झालं तर बहुतेक परत द्यायला लागत नाहीत. घासलेल्या बोटांचं म्हणाल तर निपाणीच्या एका मावशी होत्या, चाळीस वर्षं विड्या वळलेल्या, लेकीकडं निघालेल्या. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. परत लाल. काउंटरवरच्या मुलीनं ओला टिश्यू दिला, मावशींनी बोटं पुसली, मग मुलीनं स्वतः उठून त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून हळू दाबलं तेव्हा चार हिरवे झाले. बाकीची जशी आली तशी घेतली आणि काम झालं. नियमातच आहे, ठसे देणं शक्यच नाही अशा माणसाला सूट असते आणि थोडे येत असतील तर येतात तेवढे घेतात. ह्यांना म्हणावं, आठ-दहा दिवस रात्री बोटांना खोबरेल लावा. आणि डोहाळजेवणाला तुम्ही मेंदी काढणार असाल तर बोटांच्या टोकांना नको, ते अपॉइंटमेंट झाल्यावर.

पासपोर्ट परत येण्याचं. अर्ज देतानाच कुरिअर पाहिजे का विचारतात, त्याचे वेगळे पैसे, ते भराच, नाहीतर पासपोर्ट आणायला परत पाचशे किलोमीटर. पत्ता लिहिताना 'मारुती देवळाजवळ' एवढंच नको, घर नंबर, गल्ली, पिनकोड आणि दिवसभर चालू असणारा मोबाईल. बंगळूरच्या भाचीचा नंबर देऊ नका, तुमचा द्या. निकालाला साधारण पंधरा दिवस, काही विचारायचं झालं तर ४५ पर्यंत जातं. त्या काळात पासपोर्ट तुमच्याजवळ नसतो, तेव्हा मध्येच दुसरीकडं कुठं जायचं ठरवू नका.

पाकीट आलं की तिथंच, कुरिअरवाला जिना उतरायच्या आत उघडा आणि स्टिकर बघा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, कधीपासून कधीपर्यंत, आणि किती दिवस राहता येतं तो वेगळा आकडा. इथंच लोक फसतात. व्हिसा चार महिने चालू दिसतो पण दिवसांच्या रकान्यात ६० लिहिलंय, तर राहायचं साठच दिवस. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. आणि घराचा उतारा, लग्नाचा दाखला असली मूळ कागदपत्रं फाईलमध्ये ठेवून देऊ नका, मूळ दाखवायचं, झेरॉक्स द्यायची. फाईलमध्ये गेलेली झेरॉक्स सहसा परत येत नाही, आणि नाही आली तरी काय बिघडलं?

प्रश्न: मी चंदगड तालुक्यातला, चुलतभाऊ बेळगावात. दोघांना जर्मनीत एकाच युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ॲडमिशन मिळालंय. एकत्र जाऊन एकाच ठिकाणी अर्ज देऊ शकतो का? — एक विद्यार्थी

उत्तर: मित्रा, शिकायचा व्हिसा तो लांब मुदतीचा, आणि त्यात तुम्ही राहता कुठं ते बघतात. कर्नाटक आणि केरळ जर्मनीच्या बंगळूर कॉन्सुलेटकडं, महाराष्ट्र मुंबईकडं. म्हणजे दोन भाऊ, मध्ये तासाभराचा रस्ता, एकाच गावची जत्रा करणारे, एकानं जायचं मुंबईला आणि एकानं बंगळूरला. सीमाभागाचा खटला महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात घातलाय तो अजून तिथंच आहे, जर्मन लोकांनी मात्र आपल्यापुरता निकाल लावून टाकलाय! जन्म कुठं झाला याच्याशी संबंध नाही, आत्ता राहता कुठं त्याचा पुरावा लागतो. तू जर दोन-तीन वर्षं बेळगावात रूम घेऊन कॉलेज केलं असशील आणि तसे कागद असतील तर आधी त्यांना लिहून विचार. मामाच्या घरच्या पत्त्यावर घाईघाईत आधार बदलायच्या भानगडीत पडू नको.

तुमची खरी धावपळ कागदांचीच. भारतातल्या विद्यार्थ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या मार्कशीट-डिग्र्या तपासून दिलेला दाखला, सक्तीचं आहे, त्याशिवाय फाईल पुढं सरकत नाही. आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरलेलेच पैसे काढता येतात अशा खात्यात, हा आकडा २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा, भरताना नवीन काय चाललंय ते बघून घ्या. २०२५ पासून त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर कागद आधीच चढवायचे आणि ते बघून अपॉइंटमेंट, त्यामुळं काही कमी असलं तर घरबसल्या कळतं, पूर्वीसारखं बंगळूरला जाऊन 'अहो, एक सही राहिली' हे ऐकून परत यायला लागत नाही.

प्रश्न: जुन्या पासपोर्टवर जन्मठिकाण बेलगाम आहे, नवीन दाखल्यावर बेळगावी. अर्जात काय लिहू? — एक वाचक, टिळकवाडी

उत्तर: पासपोर्टवर जे छापलंय तेच, अक्षर न अक्षर. नाव सरकारीरीत्या बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला, त्याआधीच्या कागदांवर जुनंच असणार आणि परदेशी ऑफिसांना एका गावाची दोन नावं ही काय नवीन गोष्ट नाही, मुंबई, चेन्नई, बंगळूर सगळ्यांचं तेच झालंय. फारच वाटलं तर कव्हरिंग लेटरमध्ये एक ओळ टाका की दोन्ही एकच. घरात आपण काय म्हणतो ते घरात. जन्माचा दाखला जुना आणि नुसता कानडीत असेल तर मात्र इंग्रजी भाषांतर जोडा, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख पाहिजे. मराठी शाळेच्या दाखल्यालाही तेच.

प्रश्न: मुलाचं कॅनडाचं काम एका एजंटकडं दिलंय. तो म्हणतो, ईमेल आमचाच, पासवर्ड आमच्याकडंच, तुम्ही काळजी करू नका. चार महिने झाले, विचारलं की 'अंडर प्रोसेस' म्हणतो. पासपोर्ट तर घरातच आहे. हे बरोबर आहे का? — एक वडील, हिंडलगा

उत्तर: पासपोर्ट घरात आहे हे बरोबर आहे, ईमेल त्याचा आहे हे चूक आहे.

कॅनडाचं उलटं असतं. अर्ज सगळा ऑनलाइन, तिथल्या सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयआरसीसीच्या, साइटवर, मग पत्र येतं की जाऊन बोटं द्या, ती व्हीएफएसमध्ये द्यायची, माणशी ८५ कॅनेडियन डॉलर फी, आणि एकदा दिली की दहा वर्षं चालतात. त्या दिवशी पासपोर्ट दाखवून परत आणायचा. निकाल चांगला असला तर 'पासपोर्ट पाठवा' असं पत्र खात्यात येतं, आणि तेव्हाच पासपोर्ट केंद्रात जातो, स्टिकर लागून परत. त्याला टू-वे कुरिअर पण आहे, घरनं पाठवा, घरी घ्या, सीमाभागातल्या माणसाला याच्यासारखं बरं काही नाही.

पण ही सगळी पत्रं कुठं येतात? त्या खात्यात. आणि खातं एजंटच्या ईमेलवर. म्हणजे बोटं द्यायचं पत्र येऊन त्याचे ३० दिवस संपले तरी तुम्हाला पत्ता नाही, नकार येऊन पडला असला तरी पत्ता नाही. मी हे नुसतं बोलत नाही, माझ्याच बहिणीच्या मुलाचं झालेलं. एका एजंटनं नकाराचं पत्र सात आठवडे दाबून ठेवलं, कारण फीचा दुसरा हप्ता यायचा होता. आम्ही दर सोमवारी फोन करायचो, तो दर सोमवारी 'होतंय होतंय'. शेवटी पोरगा त्याच्या ऑफिसात जाऊन खुर्चीत बसला, पासवर्ड दिल्याशिवाय उठणार नाही म्हणाला, तेव्हा कळलं. भाचा आता उद्यमबागला नोकरी करतोय, ठीक आहे, पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

तेव्हा आजच्या आज जा आणि लॉगिन मागा. एजंटला काम द्यायला हरकत नाही, पण कॅनडाच्या कायद्यानं पैसे घेऊन हे काम करणारा तिथला वकील नाहीतर लायसन्सवाला कन्सल्टंट लागतो, कन्सल्टंटचं नाव त्यांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, तिला तिकडं 'कॉलेज' म्हणतात, वेबसाइटवर कुणालाही शोधता येतं, आणि त्याला नेमल्याचा एक फॉर्म भरून तुमच्या मुलाची सही लागते. तो फॉर्म भरला होता का, एवढंच विचारा, उत्तर ऐकून काय ते समजेल. अर्जात काय काय लिहिलंय ते पण छापून घ्या. एजंटनं खोटा अनुभव किंवा खोटं बँक पत्र घातलं असेल तर पाच वर्षांची बंदी येते ती मुलावर, एजंटवर नाही.

प्रश्न: बंगळूरला अमेरिकेचं कॉन्सुलेट झालं म्हणे. मग आता आम्हा म्हाताऱ्यांना मुंबईला जायला नको ना? आणि पासपोर्ट बंगळूरच्या पुतण्यानं आणला तर चालेल का? — एक काका, शहापूर

उत्तर: काका, उद्घाटन झालं, १७ जानेवारी २०२५ ला, पण व्हिसाचं काम त्याच्यासोबत सुरू झालेलं नाही. मुलाखतीला अजून मुंबई, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली, कोलकाता यातलंच एक, आपल्याला मुंबई नाहीतर हैदराबाद. डीएस-१६० नावाचा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर फी, मग दोन दिवसांच्या दोन अपॉइंटमेंट, एक बोटं-फोटोची, दुसरी साहेबासमोर. दोन्ही एका शहरात लागोपाठ पडतील अशा घ्या, लॉजचं एक दिवसाचं भाडं वाचतं.

अमेरिकेचं एक बरं, उत्तर तिथंच खिडकीवर कळतं. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे बहुतेक झालं, हातात परत दिला म्हणजे नाही. रंगीत चिठ्ठी दिली तर अजून काही कागद पाहिजेत, त्यावर लिहिलेलं असतं. पुतण्याचं मात्र जमणार नाही. पूर्वी ऑथॉरिटी लेटर देऊन कुणीही आणायचं, आमच्या ऑफिसचा शिपाई एकावेळी आठ-आठ पासपोर्ट आणायचा, ते १ ऑगस्ट २०२५ पासून बंद झालं, ज्याचा पासपोर्ट त्यानंच घ्यायचा. घ्यायच्या जागांत बंगळूर आहे, पण तुम्ही कशाला जाता, माणशी १२०० रुपये भरले की घरपोच येतो. शहापूरपर्यंत येतो, काळजी करू नका.

प्रश्न: 'युवर पासपोर्ट इज रेडी फॉर कलेक्शन' असा मेसेज आलाय. म्हणजे व्हिसा झाला का? — अनगोळ

उत्तर: म्हणजे पासपोर्ट परत आला. एवढंच. झाला असला तरी हाच मेसेज, नाही झाला तरी हाच. पेढे पाकीट उघडल्यावर आणा.

प्रश्न: मुलगा दुबईला फिरायला चाललाय. त्यानं पासपोर्ट कुठंच दिला नाही आणि व्हिसा म्हणून मोबाईलवर एक पीडीएफ दाखवतो. खरं असतं का हे? — एक आई, खानापूर

उत्तर: खरं असतं वहिनी. तिथं स्टिकर नाही, पासपोर्टची नुसती स्कॅन कॉपी जाते आणि व्हिसा कागदावर येतो. पण खोटी पीडीएफ पण अशीच दिसते, म्हणून त्यावरचा नंबर युएई सरकारच्या साइटवर टाकून बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम. आणि 'फिरायला' म्हणून जाऊन तिथं नोकरी लावतो असं कुणी सांगितलं असेल तर थांबवा त्याला, व्हिजिट व्हिसावर काम करताना सापडला तर दंड त्यालाही.

प्रश्न: कुरिअरवाला पासपोर्ट घेऊन आला तेव्हा आम्ही सगळे सौंदत्तीला यल्लम्माला गेलो होतो, फोनला रेंज नव्हती. शेजाऱ्यांनी घेतो म्हटलं तर दिला नाही. आता मेसेज आलाय की परत गेला. आमचा पासपोर्ट गेला कुठं? — एक कुटुंब, येळ्ळूर

उत्तर: कुठं जात नाही, आला तिथंच परत जातो. शेजाऱ्याला दिला नाही हे त्यानं बरोबर केलं, पासपोर्ट ओळखपत्र बघून ज्याच्या त्याच्याच हातात द्यायचा असतो, त्याच्यावर रागावू नका. आधी कुरिअरचा नंबर टाकून बघा, कधी कधी तो अजून बेळगावच्याच ऑफिसात पडून असतो, तिथं आधार घेऊन गेलात तर तासात काम होतं. तिथनं पुढं गेला असला तर ज्या केंद्रात अर्ज दिला तिथल्या हेल्पलाइनला पावतीवरचा रेफरन्स नंबर सांगा, ते परत पाठवायला तयार होतात, कुरिअरचे पैसे मात्र बहुतेक दुसऱ्यांदा. उशीर करू नका, फार दिवस कुणी न्यायला आलं नाही तर केंद्र पाकीट कॉन्सुलेटला परत करतं, मग ते सोडवायला जास्त पत्रं लिहावी लागतात. पावती हरवली असली तरी अर्जाच्या ईमेलमध्ये तो नंबर असतोच, शोधा. आणि पुढच्या खेपेला अपॉइंटमेंट घेताना पंधरा-वीस दिवसांनी यल्लम्माची पौर्णिमा येते का ते कॅलेंडरात आधी बघून घ्या.